नवव्या चौकोनातली माणसं

जरा हळू बोलतो. ताई आतल्या खोलीत पेपर तपासत बसली आहे आणि तिचे कान फार तिखट आहेत. बसा ना, खुर्ची थोडी पुढे ओढून घ्या.

मी मुद्रितशोधक आहे. म्हणजे पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढायच्या. तीस वर्षं हाच धंदा. काना, मात्रा, वेलांटी, सुटलेला शब्द, दोनदा आलेली ओळ. बायको म्हणते, औषधाची बाटली हातात दिली तरी हे आधी त्यावरचं शुद्धलेखन बघतील, मग औषध घेतील. रानावनात हिंडणं हा काही माझा प्रांत नव्हे. मला खिडकीजवळची खुर्ची लागते, डोक्यावर पंखा लागतो. तरीही दहा महिन्यांपूर्वी मी त्या राखीव काठावर गेलो, ते केवळ ताईसाठी.

ताई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. वीसेक वर्षं ती आणि भावोजी वर्षातून एकदा त्या काठावर झाडं मोजायला जायचे. नदी तिथं एवढं मोठं वळण घेते की मधल्या जमिनीला तिन्ही बाजूंनी पाणी. आत जायला एकच फाटक. एरवी तिथं कोणाला सोडत नाहीत. मोजणीसाठी वर्षातला एक दिवस, फक्त दोन माणसं, तीही वनखात्याचं पत्र असेल तरच. आत नऊ ठिकाणी चार चार खुंट ठोकून, त्यांना दोरी बांधून चौकोन आखलेले आहेत. प्रत्येक चौकोनात काय काय किती उगवलंय, हे दर वर्षी लिहायचं. मोजायची ताई, लिहायचे भावोजी.

चार वर्षांपूर्वी नवव्या चौकोनात, मोजणी चालू असताना, पायाखालचा काठ ढासळला आणि भावोजी पाण्यात गेले. सापडले नाहीत. वहीही सापडली नाही. त्यानंतर ती जागा तीन वर्षं सगळ्यांनाच बंद होती. ताई आमच्याकडे राहायला आली. ती शिकवायला जायची, जेवायची, माझ्या मुलीचा अभ्यास घ्यायची, पण तिच्या तोंडून भावोजींचं नाव निघालं नाही, आणि ती रडलीही नाही. मग जागा उघडल्याचं पत्र आलं आणि ताईनं मला एवढंच विचारलं की लिहायला येशील का.

मला नाही म्हणायचं होतं. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, तेव्हापासून मला ताईनंच वाढवलंय. ती त्या काठावर गेली तर तिथून परत यायला निघणारच नाही, अशी भीती माझ्या मनात बसली होती. पण मी नाही म्हटलं असतं तर ती दुसऱ्या कोणाला घेऊन गेली असती. म्हणून हो म्हटलं. झाडं मोजून होवोत न होवोत, ताईला परत आणायचं, एवढं एकच काम मी मनाशी धरलं होतं.

सकाळी सहाला आम्ही फाटकावर पोचलो. चौकीतला रखवालदार म्हातारा होता आणि बोलायला मोजका. ताईला बघून तो उभा राहिला, पण जुन्या ओळखीचं काही बोलला नाही. पत्र पाहिलं, मोबाइल काढून घेतले, आणि धुकं उतरलं तर आहात तिथंच थांबा म्हणाला. नदीचा आवाज ऐकून दिशा ठरवू नका, असंही बजावलं, कारण आत नदी सगळ्याच बाजूंनी ऐकू येते. मी गमतीनं म्हटलं की मला घरातल्या घरात बाथरूम सापडत नाही, तेव्हा माझी काळजी नको. तो हसला नाही.

वाटेत ताईनं मला कामाची पद्धत समजावली. ती नाव आणि आकडा सांगणार. मी तो मोठ्यानं परत म्हणायचा. बरोबर असेल तर ती ‘हं’ म्हणणार, आणि तिनं ‘हं’ म्हटल्यावरच मी लिहायचं. त्याआधी पेन्सिल कागदाला लावायची नाही. वारा असतो, पाण्याचा आवाज असतो, सातचे साठ व्हायला वेळ लागत नाही. मला ही पद्धत एकदम पसंत पडली. आमच्याकडेही एक जण वाचतो आणि दुसरा ताडून पाहतो. आणि हो, प्रत्येक चौकोनाच्या शेवटी त्या दोरीच्या आत माणसं किती होती तेही लिहायचं, कारण माणसांच्या पायांखाली रोपं तुडवली जातात.

“माणसं, दोन,” पहिल्या चौकोनाच्या शेवटी ताई म्हणाली.

“माणसं, दोन,” मी म्हटलं.

“हं.”

सहा चौकोन छान झाले. लव्हाळ्याचे ठोंब, नेचे, वाळुंजाची रोपं, खेकड्यांची बिळं. ओल्या मातीला कुजलेल्या पानांचा वास येत होता आणि माझे बूट दर पावलाला चिखलातून सुटताना आवाज करत होते. ताई वाकून मोजत होती आणि मधूनच मला एखादं पान दाखवत होती. भावोजी गेल्यापासून एवढी बोललेली मी तिला पाहिली नव्हती. उगाच घाबरलो होतो, असं मला वाटायला लागलं.

सातव्या चौकोनात धुकं आलं. पाण्यावरून आलं की झाडांतून, ते कळलं नाही. आधी पलीकडचा काठ दिसेनासा झाला, मग चौकोनाचा लांबचा खुंट दिसेनासा झाला. ताई माझ्यापासून पाच पावलांवर होती, तिची नुसती पाठ दिसत होती. थांबू या, मी म्हटलं. तिला ते पटलं नाही. दोरी धरून काम करता येतं, एवढे दोनच राहिलेत, म्हणाली.

“नेचे, बारा.”

“नेचे, बारा,” मी म्हटलं. आणि माझ्या मागून कुठूनतरी परत आलं, नेचे, बारा.

प्रतिध्वनी, मी मनाशी म्हटलं. धुक्यात आवाज घुमतो असं कुठंतरी वाचलं होतं. बहुधा मीच तपासलेल्या एखाद्या पुस्तकात. पण ताईचा आवाज घुमत नव्हता, फक्त माझा घुमत होता. याचा अर्थ काय लावायचा ते मला कळेना, म्हणून मी लावलाच नाही.

आठव्या चौकोनात तो आवाज माझ्या आधी आला.

ताई म्हणाली, “लव्हाळ्याचे ठोंब, सोळा.” मी तोंड उघडलं, आणि मी बोलायच्या आत डावीकडून कोणीतरी हळूच घसा खाकरून म्हणालं, “लव्हाळ्याचे ठोंब... सोळा.”

“हं,” ताई म्हणाली.

मी तसाच उभा राहिलो. भावोजी आकडा सांगण्याआधी घसा खाकरायचे. फोन नंबर सांगतानासुद्धा खाकरायचे, आणि माझी मुलगी त्यांची नक्कल करून दाखवायची. मी ताईला हाक मारली. ती वळली. मला वाटलं होतं ती घाबरली असेल. ती मुळीच घाबरली नव्हती, तिचा चेहरा फुलला होता. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

“ऐकलंस ना तूही?” तिनं विचारलं.

“ताई, चल. आत्ताच्या आत्ता परत जाऊ.”

“एवढा एक चौकोन राहिलाय रे. ह्यांचा तो अर्धाच राहिला होता.”

एवढ्यात धुक्यातून पुढची ओळ आली. “वाळुंजाची रोपं... चौदा.” ताईनं अजून ती मोजायला घेतलीच नव्हती. ती लगेच खाली बसून मोजायला लागली. मीही मोजली, कारण आकडा कानावर पडला की तो ताडून पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. आमची दोघांची पंधरा भरली. मला केवढा आधार वाटला म्हणून सांगू. चूक सापडली होती. म्हणजे हे जे काही होतं, ते चुकू शकत होतं.

ताईनं एकेक रोप बोटानं हलवून पाहिलं. शेवटचं, कडेचं, हलवलं तर हातात आलं. पानं ताजी टवटवीत, हिरवीगार. पण खाली मूळच नव्हतं. कुठून तरी मोडून आलेली फांदी चिखलात सरळ उभी राहिली होती एवढंच. ताईनं ती बाजूला ठेवली.

“चौदाच आहेत,” ती म्हणाली. “ह्यांनी आधीच मोजून ठेवलीत. मला वाकायला लागू नये म्हणून.”

मी तिला हात धरून ओढायला हवं होतं. तुम्ही मला नावं ठेवा, मी ऐकून घेईन. पण फाटक कोणत्या बाजूला होतं तेच मला सांगता आलं नसतं. समोर पाणी वाजत होतं, मागे पाणी वाजत होतं. आणि ताई नवव्या चौकोनाकडे नेणारी दोरी धरून निघालीसुद्धा होती. मी तिच्या मागे गेलो.

नववा चौकोन अगदी काठावर आहे. नदीनं त्याची पुढची बाजू खाल्ली होती. पुढचे दोन खुंट दोरीला बांधलेले, हवेत लोंबकळत होते. आम्ही दोघं दोरीच्या आत शिरलो. इथं ताईनं काही मोजलंच नाही. ती हात बांधून उभी राहिली आणि ऐकत राहिली. धुक्यातला आवाज सावकाश, नीट, एकेक नाव सांगत होता. ताई प्रत्येकाला हं म्हणत होती. आणि मी... मी लिहीत होतो. हं ऐकलं की हात आपोआप चालत होता. मोठ्यानं परतही म्हणत होतो. भीतीनं माझी पाचावर धारण बसली होती, आणि तरी अक्षर बघा तुम्ही त्या पानावरचं, एक वेलांटी चुकलेली नाही.

आवाज समोरून येत होता. समोर फक्त पाणी होतं. ताई प्रत्येक ओळीला एक पाऊल पुढे टाकत होती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मी मान वर केली तेव्हा ती कडेला पोचली होती.

त्यानंतरचं मला जसं आठवतं तसं सांगतो. मी ओरडलो, वही टाकून धावलो, आणि काठ गेला. मोठा आवाज वगैरे काही झाला नाही, ओल्या भिंतीचा पोपडा सुटावा तशी माती सुटली. ताई खाली गेली. मी पोटावर आडवा पडलो आणि तिचं मनगट माझ्या हाताला लागलं. किती वेळ ओढत होतो कोण जाणे. ती वर आली तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते आणि ओठ निळे पडले होते. मी तिला कुशीवर वळवलं, पाठीवर थोपटलं, ताई ताई म्हणत राहिलो. बराच वेळ ती हललीच नाही. मग ती खोकली, तिच्या तोंडातून पाणी आलं, आणि माझा जीव भांड्यात पडला. मी लहान मुलासारखा रडलो. तीही रडली, तीन वर्षांत पहिल्यांदा.

आम्ही तसेच चौकोनात बसलो होतो, एकमेकांना धरून. तेव्हा तो आवाज आला, अगदी जवळून, कामाचं शेवटचं कलम उरकावं तसा.

“माणसं...” तो खाकरला. “एक.”

आमच्यापैकी कोणीच परत म्हटलं नाही. ताईनं हं म्हटलं नाही. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून नुसती थरथरत होती. मला मात्र संताप आला. भीती सगळी सरली होती आणि नुसता संताप उरला होता. तीस वर्षं मी चुका काढतोय, आणि ही तर समोर दिसणारी, ढळढळीत चूक.

“दोन,” मी म्हटलं. “भावोजी, नीट बघा. दोन आहेत.”

मी वही उचलली आणि माझ्या हातानं लिहिलं, माणसं, दोन. हं न ऐकता मी लिहिलेली ती एकच ओळ. लिहून झाल्यावर खाली रेघ मारली, आणि त्यानंतर तो आवाज तिथं पुन्हा आला नाही.

धुकं हळूहळू विरलं. फाटक अगदीच जवळ निघालं. रखवालदारानं आम्हाला बघून दोन घोंगड्या आणल्या, शेगडी पेटवली, आणि दोघंही कसे काय पडलात असं विचारलं. मी त्याला सांगितलं की पडली ती ताई, मी फक्त ओढलं. त्यानं माझ्या निथळत्या केसांकडे पाहिलं आणि शेगडी माझ्याकडे सरकवली. घरी आल्यावर दोन दिवस माझ्या कानात पाणी खळखळत होतं. डॉक्टरांनी ते काढून दिलं. पोटावर झोपलेल्या माणसाच्या कानात पाणी कसं जातं, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. घोळात घोळ नको म्हणून विचारलं नाही.

नंतरचे महिने फार चांगले गेले. ताई बोलायला लागली, भावोजींचे किस्से सांगायला लागली, हसायला लागली. बायको मला म्हणाली की तुम्ही तिला खरंच परत आणलंत. आयुष्यात मी केलेलं एवढं एकच धाडसाचं काम, आणि ते जमलं होतं. मी चारचौघांत ते सांगायचोही. ताई त्या वेळी नेमकी काही कामानं उठून जायची. तिला आठवण नको असेल, असं मी धरून चाललो.

गेल्या रविवारची गोष्ट. दुपारचे तीन वाजले होते. आम्ही चौघं याच खोलीत होतो. बायको माझ्या शर्टाला बटण लावत होती, मुलगी जमिनीवर पसरून नकाशा रंगवत होती, ताई त्या खुर्चीत वाचत होती, आणि मी इथं तपासणीचे कागद घेऊन बसलो होतो. लख्ख ऊन होतं. पंखा चालू होता. खिडकीच्या बाजूनं कोणीतरी घसा खाकरला.

“खुर्च्या... पाच.”

मी मोजल्या. पाच.

“खिडक्या... दोन. कुंड्या... सात.”

सात होत्या. ओल्या मातीचा वास आला, पण बायकोनं नुकतंच कुंड्यांना पाणी घातलं असेल. कोणीही मान वर केली नाही. मुलगी निळा रंग शोधत होती.

“माणसं...”

मी मनात म्हणत होतो, चार, भावोजी, चार.

“तीन.”

त्या दिवसापासून माझ्या जिवाला चैन नाही. पहिल्यांदा वाटलं, आमच्यातलं कोणीतरी जाणार. मुलीला शाळेत एकटं सोडेना, बायकोला गॅसजवळ जाऊ देईना, रात्री दोनदा उठून सगळ्यांचे श्वास ऐकून आलो. बायको म्हणाली तुम्हाला रजेची गरज आहे. पण काल सकाळी दाढी करताना एकदम डोक्यात आलं, आणि मी साबण लावलेल्या तोंडानं तसाच मोरीत बसून राहिलो. हे पुढचं सांगणं नव्हेच. भावोजी पुढचं कधीच सांगत नव्हते, असेल तेच सांगत होते. तिथं आम्ही दोघं होतो, ते एक म्हणाले. इथं आम्ही चौघं, ते तीन म्हणाले. दोन्हीकडे एकच माणूस कमी आहे. आकडे एकमेकांशी जुळतायत हो. ताडून पाहिलं तर चूक त्यांच्याकडे नाही, माझ्या त्या एका ओळीत आहे.

मग दिवसभर मी ताईकडे चोरून बघत होतो. सांगायला लाज वाटते. जिनं मला वाढवलं, तिचा श्वास मोजत होतो, तिची सावली बघत होतो, तिनं चहा घेतला तर कप रिकामा होतो का ते बघत होतो. होतो. सगळं जसंच्या तसं आहे. ती भाजीत मीठ कमी आहे म्हणते, माझ्या मुलीच्या डोक्यात टपली मारते. मला काही कळेना. शेवटी संध्याकाळी गच्चीत कपडे काढताना मी तिला विचारलं. त्या दिवशी पाण्यात पडल्यावर तुला काय काय आठवतं, असं अगदी सहज विचारलं.

ताईच्या हातातली चादर तशीच राहिली. ती माझ्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत माया होती, पण आणखीही काहीतरी होतं. आज विचार करतो तेव्हा वाटतं, तीही गेले कित्येक दिवस माझ्याकडे तशीच चोरून बघत असावी.

“मी कुठं पडले रे?” ती हलक्या आवाजात म्हणाली. “काठ गेला तो तुझ्या पायाखालचा. मी पोटावर झोपून तुझं मनगट धरलं. तू सगळीकडे उलटं सांगतोस, मी कधी काही बोलले नाही. म्हटलं, धक्का बसलाय, राहू दे.”

मी हसायचा प्रयत्न केला. मग काय झालं, विचारलं.

“मग काय,” ताई म्हणाली, आणि तिनं चादरीची घडी घालायला घेतली. “वर काढलं तुला. कुशीवर वळवलं, पाठीवर थोपटलं. हाका मारत होते... बराच वेळ तू हललाच नाहीस.”